मंदशक्ती लेसर प्रकाश आणि मानवी लाल रक्तपेशी : एक चिकित्सक विचार

मनगटी घड्याळासारखे दिसणारे एक यंत्र गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात दाखविण्यासाठी आणले गेले असेल. त्याच्या तळाशी लाल प्रकाशाचे ठिपके असतात, सोबत नाकपुडीत घालावयाची एक छोटी नळी असते. रोज अर्धा तास हे यंत्र लावल्यास रक्त पातळ होते, शुद्ध होते, पांडू, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात येतात, असा मजकूर पत्रकावर छापलेला असतो. त्याखाली सूक्ष्मदर्शकातून टिपलेली दोन छायाचित्रे : एकात नाण्यांच्या चळतीप्रमाणे परस्परांस चिकटलेल्या लाल पेशी, दुसऱ्यात त्याच पेशी सुट्या व टवटवीत. हे आपल्या रक्तशोधनाचेच आधुनिक रूप होय, असे प्रतिनिधी आवर्जून सांगतो. औषधी दुकानदार बंधूंना तर यंत्र विक्रीस ठेवण्याचा आग्रहच होतो.

या विषयावर आमच्याकडे वारंवार पृच्छा होत असल्याने उपलब्ध प्रयोगांचा अभ्यास करून तो येथे विचारार्थ मांडीत आहोत. लेसर प्रकाशाचा लाल पेशींवर परिणाम होतो काय, या प्रश्नाचे उत्तर 'होतो' असेच आहे. परंतु तो कोणत्या पेशीवर, कोठे आणि किती प्रकाशाने होतो, हे समजून घेतल्यावाचून त्या उत्तराचा चिकित्सेत काहीही उपयोग नाही.

मंदशक्ती लेसरची पार्श्वभूमी

थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणिक स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. त्याची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल. लेसर प्रकाश एकाच रंगाचा असतो व फारसा न पसरता एकाच दिशेने जातो. शल्यविशारद वापरतात तो लेसर ऊती तापवून कापतो वा जाळतो; त्याची तुलना करावयाची तर आपल्या अग्निकर्माशी करता येईल. मंदशक्ती लेसर याहून वेगळा. त्याची शक्ती साधारणपणे १ ते ५०० मिलिवॅट असते आणि ऊतींचे तापमान लक्षणीय न वाढविता परिणाम घडवावा, अशी अपेक्षा असते.

याचा आरंभ बुडापेस्टमध्ये झाला. लेसरमुळे कर्करोग होतो काय, हे पाहण्यासाठी एंद्रे मेस्टर यांनी १९६७ साली उंदरांच्या पाठीवरील केस काढून तेथे मंद लाल लेसर सोडला. कर्करोग झाला नाही. मात्र प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे व्रणरोपणावर पुष्कळ काम झाले. रक्तावरील उपयोग सोव्हिएत संघातून आला. मेशाल्किन आणि सेर्गिएव्हस्की यांनी सुईवाटे शिरेत बारीक प्रकाशतंतू घालून हीलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटर प्रकाश थेट रक्तात सोडण्याची पद्धत विकसित केली व ती १९८१ पासून रुग्णांवर वापरात आली. आजची मनगटी यंत्रे या पद्धतीचे वारस म्हणवून घेतात. जुन्या साहित्यात 'कोल्ड लेसर', 'सॉफ्ट लेसर' अशी नावे आढळतात. अलीकडे 'फोटोबायोमॉड्युलेशन' हे नाव रूढ झाले आहे, कारण साध्या एलईडी दिव्यांचाही त्यात समावेश होतो.

या चिकित्सेला आधुनिक वैद्यकात कोठेच स्थान नाही, असे मात्र समजू नये. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार वा केमोथेरपीमुळे जो तीव्र मुखपाक होतो, त्याच्या प्रतिबंधासाठी मंदशक्ती लेसरला चांगला आधार मिळाला आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ साली आणि कर्करोगातील आनुषंगिक चिकित्सेसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली तशी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तेथे प्रकाश थेट मुखातील श्लेष्मल त्वचेवर पडतो. रक्ताची गोष्ट निराळी आहे.

तंतुकणिका नसलेली पेशी

लेसर प्रकाशाच्या परिणामाचे बहुमान्य स्पष्टीकरण असे : पेशीतील तंतुकणिकांमध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर असते, ते लाल व अवरक्त प्रकाश शोषते आणि त्यामुळे पेशीतील ऊर्जानिर्मिती वाढते. मॉस्को येथील तीना कारू यांच्या अनेक वर्षांच्या कार्यातून हा विचार पुढे आला. विक्रेत्यांच्या पत्रकांतही हेच स्पष्टीकरण छापलेले असते आणि लगेच पुढच्या ओळीत लाल रक्तपेशींचा उल्लेख येतो.

येथेच अभ्यासकाने थांबावयास हवे. परिपक्व लाल पेशीत केंद्रक नसते, तशाच तंतुकणिकाही नसतात. मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, रक्तात शेकडा एक-दोन प्रमाणात असणाऱ्या रेटिक्युलोसाइट पेशींत त्या अवशेषरूपाने असतात व एक-दोन दिवसांत नष्ट होतात. उरलेले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य ही पेशी केवळ ग्लुकोजच्या अपघटनातून मिळणाऱ्या अल्प ऊर्जेवर काढते. त्या ऊर्जेवर ती सोडियम-पोटॅशियमचा तोल राखते, पटलाचा आकार सांभाळते आणि सात-आठ मायक्रोमीटर व्यासाचे आपले अंग दुमडून त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून पार होते. ज्या विकरावर सारे स्पष्टीकरण उभे आहे, ते या पेशीत नाही. मग प्रकाश काम करतो तो कोणावर?

प्रकाश शोषणारे द्रव्य

प्रकाशरसायनशास्त्राचा पहिला नियम असा की जो प्रकाश शोषला जातो, तोच कार्य करतो. नुसता पार निघून गेलेला प्रकाश काहीच करीत नाही. लाल पेशीत प्रकाश शोषणारे मुख्य द्रव्य हिमोग्लोबिन. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशाला सर्वाधिक शोषते, त्याखालोखाल ५४२ व ५७७ या हिरव्या-पिवळ्या भागाला. लाल प्रकाश ते फारच थोडा शोषते. म्हणूनच तर ते लाल दिसते. प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश त्यापेक्षा कितीतरी अधिक शोषते. २०२०-२१ च्या महामारीत घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर याच भेदावर चालतो. १९७४ साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडलेल्या तत्त्वानुसार तो ६६० नॅनोमीटरचा लाल व ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पार करून दोहोंतील फरक मोजतो. अतिदक्षता विभागात तो रुग्णाच्या बोटाला दिवसचे दिवस लावलेला असतो; त्याच्या अत्यल्प लाल प्रकाशाने कोणाचे रक्त शुद्ध झाल्याचे ऐकिवात नाही.

तथापि प्रकाशाने हिमोग्लोबिनवर परिणाम होतो, ही गोष्ट लेसरच्या कितीतरी आधीपासून ज्ञात आहे. हाल्डेन व लॉरेन स्मिथ यांनी १८९६ साली दाखविले की कार्बन मोनॉक्साइडने जखडलेले हिमोग्लोबिन प्रकाशात ठेवले असता तो वायू सुटा होऊ लागतो. कोळशाच्या शेगडीचा विषारी धूर ज्याने बांधला, तो बंध प्रकाशाने तुटतो! नायट्रिक ऑक्साइड या रक्तवाहिन्या शिथिल करणाऱ्या वायूबाबतही असेच घडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी २००९ साली ६७० नॅनोमीटर प्रकाशाने तो हिमोग्लोबिनपासून मुक्त होतो, असे दाखविले. लाल पेशीच्या संदर्भात आम्हांस हे स्पष्टीकरण तंतुकणिकांच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरा विचार पेशीतील संरक्षक विकरांचा. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज व कॅटालेज ही विकरे पेशीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतात. लाल प्रकाशाने निष्क्रिय झालेले डिस्म्युटेज पुन्हा कार्यक्षम होत असावे, असे मत रशियातील व्लादिमिरोव्ह यांनी मांडले. तिसरा विचार पेशीपटलाचा. वय झालेल्या वा इजा झालेल्या पेशीत हिमोग्लोबिन पटलाच्या आतील बाजूस चिकटते व पटल ताठर होते. शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली असे प्रतिपादन केले की मंद लेसर प्रकाशाने हे चिकटलेले हिमोग्लोबिन पटलापासून अलग होते.

रंगाचे महत्त्व वैद्यांना नवीन नाही. श्वित्रात बाकुची देऊन रुग्णास उन्हात बसविण्याची आपली परंपरा आहे. बाकुचीतील सोरॅलेन हे ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी कार्यरत होते, लाल प्रकाशाने नव्हे. तेव्हा बाकुचीसोबत लाल लेसर दिल्यास तिचा गुण वाढेल, असे कोणी सांगितले तर ते मान्य करण्याचे कारण नाही. नवजात कामलेतील निळ्या प्रकाशाचा उपचारही असाच. सुमारे ४६० नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेतील व तेथून वाहणाऱ्या रक्तातील बिलिरुबिन शोषते व त्याचे रूप बदलून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे होते. इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या परिचारिकेने उन्हात नेलेल्या अर्भकांची कांती निवळते हे पाहिले आणि १९५८ साली त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. द्रव्य निश्चित, त्यास लागणारा रंग निश्चित, मात्रा निश्चित. म्हणून तो उपचार जगभर टिकला.

परीक्षानलिकेतील प्रयोग

आता प्रत्यक्ष लाल पेशींवरील प्रयोगांकडे वळू. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त शरीराबाहेरील यंत्रातून फिरविले जाते. पंपाच्या आघाताने लाल पेशी फुटतात, उरलेल्यांची लवचिकता घटते. हिरोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली असे कृत्रिम अभिसरण प्रयोगशाळेत उभारून मानवी रक्तावर हीलियम-निऑन लेसर सोडला. प्रकाश मिळालेल्या रक्तात पेशी कमी फुटल्या व त्यांची लवचिकता अधिक टिकली. पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे २०१८ साली अवरक्त प्रकाशाने केलेल्या अशाच प्रयोगातही अभिसरणयंत्रातील पेशींचे विघटन व ऑक्सिडीकरणाचा ताण कमी आढळला. दोन देश, अठरा वर्षांचे अंतर, निरनिराळे प्रकाशस्रोत आणि तरीही निष्कर्षाची दिशा एकच. या विषयातील सर्वांत भरवशाचा भाग आम्ही हाच मानतो.

फुदान विद्यापीठाच्या २००४ मधील प्रयोगांत ज्या रक्ताचा दाटपणा मुळातच अधिक होता त्याचा दाटपणा घटला आणि ज्या पेशी कॅल्शियम देऊन मुद्दाम ताठर केल्या होत्या त्यांची लवचिकता सुधारली. लाल ६३२.८ आणि हिरवा ५३२ नॅनोमीटर यांची तुलना करता हिरवा प्रकाश अधिक परिणामकारक ठरला. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश अधिक शोषते, हे लक्षात घेता यात आश्चर्य नाही. मलेशियातील पेनांग येथील अभ्यासकांनी प्रकाश दिलेल्या रक्ताचा ईएसआर घटल्याचे आणि ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाने पेशींचे सरासरी आकारमान बदलल्याचे नोंदविले आहे. पोलंडच्याच वूच शहरात ८१० नॅनोमीटरच्या प्रकाशाने पटलाची रचना व त्यातील आयन-पंप यांच्या कार्यात मात्रेनुसार बदल आढळले.

या सर्वांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. गुण दिसतो तो बहुधा इजा झालेल्या पेशीत : पंपाने ठेचलेल्या, कॅल्शियमने ताठरलेल्या, साठवणीत जीर्ण झालेल्या. निरोगी, ताज्या पेशीत सुधारण्यास फारसे काही नसतेच. यास्तव या प्रकाशाचा खरा उपयोग उद्या निघालाच, तर तो अभिसरणयंत्रात किंवा रक्तपेढीत निघेल असे आम्हांस वाटते. रक्तपेढीत लाल पेशी शीतकपाटात ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. त्या काळात त्यांची ऊर्जा घटते, आकार काटेरी होतो, काही फुटतात. तेथे रक्त पिशवीत स्थिर असते व प्रकाश हवा तितका देता येतो.

मात्रेचा प्रश्नही महत्त्वाचा. मंद मात्रेने उत्तेजन, अधिक मात्रेने अवरोध, असे या क्षेत्रातील प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. अधिक वेळ लावल्यास अधिक गुण, हा हिशेब येथे लागू पडत नाही. औषधाची मात्रा ठरविताना बल, अग्नी, वय पाहणाऱ्या वैद्याला हे पटवून सांगण्याची गरज नसावी.

त्या दोन छायाचित्रांविषयी

पत्रकावरील चळतीसारख्या पेशींची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण रुग्णाच्या मनावर सर्वाधिक ठसते ते हे चित्र. लाल पेशींच्या अशा चळती होणे हे मुख्यतः रक्तद्रवातील फायब्रिनोजेन व ग्लोब्युलिन या प्रथिनांवर अवलंबून असते. शोथ, जीर्ण संसर्ग, गर्भावस्था यांत त्या वाढतात व ईएसआरही वाढतो. पण काचपट्टीवर रक्ताचा थेंब जाड पडला, किंवा काही मिनिटे तसाच राहिला, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रक्तातही चळती दिसतात. त्याच काचपट्टीच्या पातळ कडेला त्याच माणसाच्या पेशी सुट्या दिसतात. पहिले छायाचित्र जाड भागाचे व दुसरे पातळ भागाचे घेतले की विनालेसर 'गुण' दिसला! ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी स्वतःच्या रक्ताच्या एकाच थेंबावर हे पडताळून पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

नलिकेपासून मनगटापर्यंत

नलिकेतील परिणाम मनगटावर बांधलेल्या यंत्राने शरीरात होईल काय? यासाठी साधा अंकगणिती हिशेब करून पाहू. समजा, एक मिलिलिटर रक्तावर ५ मिलिवॅटचा किरण अर्धा तास सोडला. अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद. एकूण ऊर्जा झाली ९ ज्यूल. आता प्रौढ मनुष्याच्या सुमारे पाच लिटर रक्ताला, म्हणजे ५००० मिलिलिटरला, दर मिलिलिटरमागे तेवढीच ऊर्जा द्यावयाची तर ४५,००० ज्यूल लागतील. त्याच ५ मिलिवॅटच्या किरणाने ती देण्यास ९० लाख सेकंद, म्हणजे अहोरात्र १०४ दिवस लागतील. लाल पेशीचे आयुष्यच १२० दिवसांचे! यंत्रात असे दहा किरण असले तरी सलग दहा दिवसांहून अधिक काळ ते काढता येणार नाही. आणि या हिशेबात त्वचेने वाटेत अडविलेला प्रकाश मोजलेलाच नाही. लाल प्रकाशाचा मोठा भाग त्वचेतच विखुरतो व शोषला जातो. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन तो आणखी अडविते. आपल्या बहुसंख्य रुग्णांची त्वचा सावळीच आहे.

शिवाय नलिकेतील रक्त स्थिर असते, धमनीतील धावते. वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर आणि प्रकाशाचा ठिपका तीन मिलिमीटर रुंद धरला, तर एक पेशी त्या ठिपक्याखाली सेकंदाच्या तेहतिसाव्या भागाइतकीच राहते. नलिकेतील पेशीला मिळाले १८०० सेकंद, हिला मिळाले ते एवढे.

यावर यंत्राचे समर्थक म्हणतात की परिणाम प्रत्येक पेशीवर व्हावयास नको. वाहिनीच्या भिंतीतून नायट्रिक ऑक्साइड सुटला, तर त्याचा प्रभाव दूरवर जाऊ शकतो. हा मुद्दा विचारार्ह आहे, आम्ही तो फेटाळीत नाही. मात्र मग तो लाल पेशींवरील परिणाम राहिला नाही आणि लाल पेशींवरील नलिकेतले प्रयोग त्याचा पुरावा म्हणून दाखविता येत नाहीत. विक्रेते नेमके तेच करतात.

शिरेत तंतू घालण्याच्या पद्धतीत त्वचेचा अडसर नसतो. पण तेथेही शक्ती सामान्यतः एक-दोन मिलिवॅट, कालावधी अर्धा तास, म्हणजे एकूण ऊर्जा दोन ते चार ज्यूलच. त्याबरोबर शिरेत परकी वस्तू घालण्याचे सर्व धोके आले. सिरावेधात सुश्रुताचार्यांनी किती दक्षता सांगितली आहे, हे आठवावे.

रक्तधातू आणि लाल पेशी

'रक्तशोधन' हा शब्द आपला आहे. तो दुसऱ्याने सोयीने वापरला की आपल्यालाच भुरळ पडते. रक्तधातू म्हणजे लाल पेशी नव्हे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील विधिशोणितीय अध्यायात विशुद्ध रक्ताच्या पुरुषाची जी लक्षणे सांगितली, ती वर्ण, इंद्रियांची प्रसन्नता, अग्नी, बल, सुख यांच्याशी निगडित आहेत. सुश्रुतांचा शोणितवर्णनीय अध्यायही रक्ताला दोषांच्या संदर्भात पाहतो. पेशींची चळत मोडली म्हणजे रक्तदुष्टी गेली, असे समीकरण कोणत्याही संहितेच्या आधारे मांडता येणार नाही. दुष्टीचा हेतू आहार-विहारात असतो. तो तसाच ठेवून मनगटावर दिवा लावल्याने शोधन कसे होणार?

रक्तवह स्रोतसाचे मूळ यकृत व प्लीहा यांत सांगितले आहे. आधुनिक शारीरक्रियेनुसार प्लीहेतील सुमारे एक मायक्रोमीटर रुंदीच्या फटींतून लाल पेशीला पार व्हावे लागते. जी ताठर झाली ती तेथे अडते व नष्ट होते. लवचिकतेची परीक्षा घेणारे स्थान प्लीहाच आहे, हे वाचताना वैद्याला आनंद होणे स्वाभाविक आहे. आम्हांसही झाला. परंतु साम्य दिसले म्हणून ऐक्य मानू नये. अन्यथा उद्या कोणीही आपल्याच शब्दांत आपल्याला काहीही विकील.

पांडूच्या संदर्भात तर हे भान फार आवश्यक आहे. शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या लाल पेशी घडविते आणि त्यांना लोह लागते. प्रकाश लोह निर्माण करीत नाही. आमच्याकडे आलेल्या एका चाळिशीतील रुग्णेने नातेवाइकाच्या आग्रहावरून असे यंत्र चार महिने नियमाने लावले होते. पहिले पंधरा दिवस हुशारी वाटली, असे ती स्वतः सांगे; तिच्या सांगण्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. पण आली तेव्हा नखे व नेत्र पांढुरके, जिना चढताना धाप, पायांवर शोथ आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली. मासिक स्रावाविषयी विचारले तेव्हा तो वर्षभर अतिप्रमाणात होत असल्याचे कळले. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. रक्तस्तंभन, लोहकल्प व पथ्य यांनी पुढे ती सावरली. यंत्राने तिला अपाय केला नाही. त्या चार महिन्यांत तिला कोणी प्रश्न विचारला नाही, हा अपाय झाला. चरकांच्या पांडुरोगचिकित्सेत निदानाला जे स्थान आहे, ते कोणत्याही यंत्रास देता येणार नाही. अशा रुग्णात असृग्दर, रक्तार्श, कृमी, आहारातील न्यूनता यांपैकी काहीतरी शोधावयाचे असते. थॅलॅसेमिया व सिकलसेल यांचा कुलवृत्तान्तही घ्यावयाचा असतो.

अभ्यासू वैद्यांसाठी एक सूचना

महाविद्यालयाशी वा चांगल्या रक्तपरीक्षणशाळेशी संबंधित असलेल्या वैद्यांना हा विषय स्वतः पडताळता येईल. एकाच व्यक्तीचे, संमतीने घेतलेले रक्त दोन नलिकांत घ्यावे. दोन्ही एकाच यंत्रासमोर तितकाच वेळ ठेवाव्यात. एकीच्या भोवती काळा कागद गुंडाळावा. तापमान दोन्हींत मोजावे, कारण उष्णतेने ईएसआर बदलतो आणि पुष्कळदा जो 'प्रकाशाचा' परिणाम म्हणून नोंदला जातो तो यंत्राच्या उष्णतेचा असू शकतो. त्यानंतर ईएसआर व मिठाच्या विरळ द्रावणातील पेशींची भंगुरता पाहावी. निरोगी पेशी सुमारे ०.४५ ते ०.५० टक्के द्रावणात फुटू लागतात. कोणती नलिका कोणती, हे वाचन घेणाऱ्यास सांगू नये. एका रक्तावर निष्कर्ष काढू नये. रुग्णांवर प्रयोग करावयाचा तर नैतिकता समितीची अनुमती आणि सीटीआरआयकडे पूर्वनोंदणी हवीच. चिकित्सा-प्रयोगांसाठी ही नोंदणी २००९ पासून अनिवार्य करण्यात आली आहे.

औषधी दुकानदारांसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून असे यंत्रही तसेच विकता येईल, हा समज चुकीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि ती विकणाऱ्यांसाठी एमडी-४२ नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद २०२२ मध्ये झाली. उत्पादक वा आयातदाराची नोंद पाहिल्याशिवाय माल ठेवू नये. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरे करण्याचा दावा असलेले पत्रक दुकानात वाटणे हे १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियमाखाली येते. त्या कायद्यात 'औषध' या शब्दाची व्याख्या शरीराच्या कार्यावर प्रभाव पाडण्यासाठी असलेल्या वस्तूंपर्यंत व्यापक आहे आणि जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाराही दोषी ठरतो. पत्रक आम्ही छापले नव्हते, हा बचाव होत नाही.

प्रतिनिधीस तरंगलांबी किती, प्रत्येक किरणाची शक्ती किती मिलिवॅट व ठिपक्याचे क्षेत्रफळ किती, हे लेखी विचारावे. ही तीन उत्तरे नसतील तर मात्रा काढताच येत नाही. ५ मिलिवॅटहून अधिक शक्तीच्या लेसरकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटलास इजा होऊ शकते. संरक्षक चष्मा सोबत नसल्यास यंत्र घेऊ नये आणि लहान मुलांच्या हाती ते जाऊ देऊ नये. निळ्या-जांभळ्या प्रकाशाची यंत्रे आता येऊ लागली आहेत. पोर्फिरियाच्या काही प्रकारांत लाल पेशींत साठलेले प्रोटोपोर्फिरिन नेमका हाच प्रकाश शोषते व पेशींना इजा करते. उन्हात त्वचा जळजळते असे सांगणाऱ्या व्यक्तीस असे यंत्र देऊ नये. हरिद्रेतील कर्क्युमिनही निळ्या प्रकाशात क्रियाशील होते. म्हणून हळदीचा लेप लावलेल्या त्वचेवर तो प्रकाश सोडू नये. नाकपुडीतील नळी एकाची दुसऱ्याने वापरू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या रुग्णाने यंत्र घेतले म्हणून ते औषध आपल्या मनाने बंद करू नये, हे विक्रीच्या वेळीच त्यास सांगावे आणि शक्य असल्यास पावतीवर लिहून द्यावे.